कण लहान करण्याआधी ऑक्सिजन मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांवर १ टक्का प्लॅटिनम चढवलंय. पाण्यात मिथेनॉल मिसळून दिवा लावला की हायड्रोजन भरपूर मिळतो. मिथेनॉल काढून नुसतं पाणी घेतलं की सुरुवातीला थोडासा येतो आणि मग आलेख आडवा होतो. कण सध्या २० नॅनोमीटरचे आहेत. ते ५ नॅनोमीटरवर आणले तर नुसत्या पाण्यातून हायड्रोजन येईल का? नसेल, तर सूर्यप्रकाशाने पाणी फोडायला कुठला नॅनोपदार्थ घ्यावा?

येणार नाही. उलट कमी येण्याचीच शक्यता जास्त. का ते सविस्तर सांगते, कारण "कण लहान केला की पृष्ठभाग वाढतो, पृष्ठभाग वाढला की क्रिया वाढते" हे वाक्य आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते आपल्या प्रयोगाला लागू आहे का, हे तपासायचंच राहून जातं.

पण त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मिथेनॉल घालून जो हायड्रोजन मिळाला, त्याला पाण्याचं विघटन म्हणता येत नाही. १ मोल पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचा तर २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा लागते, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे १.२३ व्होल्ट. सूर्याची ऊर्जा इंधनात साठवायची म्हणतो ती हीच. मिथेनॉल आणि पाणी यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन होतो तेव्हा १ मोल मिथेनॉलमागे ३ मोल हायड्रोजन सुटतो आणि लागणारी ऊर्जा असते जेमतेम ९ किलोज्यूल. हायड्रोजनच्या १ मोलमागे ३ किलोज्यूल फक्त. एकीकडे २३७ आणि दुसरीकडे ३. पहिला घाट आहे, दुसरा उंबरठा. उंबरठा ओलांडता आला म्हणून घाटही चढता येईल, असं धरून चालता येत नाही.

शिवाय मिथेनॉल आणखी एक मदत करतं, ती आलेखात दिसत नाही. प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन वर जातो आणि मागे रिकामी जागा राहते, ती म्हणजे होल. मिथेनॉल हा होल चटकन पकडतं आणि त्यातून जो रॅडिकल, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला तुकडा, तयार होतो तो स्वतःजवळचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियाला (म्हणजे आपल्या टायटॅनियम डायऑक्साइडला) देऊन टाकतो. म्हणजे एका फोटॉनमागे दोन इलेक्ट्रॉन हाती लागतात. म्हणून मिथेनॉलमधला आकडा बघून पदार्थाची पारख करू नका. ती चाचणी एवढंच सांगते की इलेक्ट्रॉन प्लॅटिनमपर्यंत पोहोचतायत आणि तिथे हायड्रोजन होतोय. तेवढ्यापुरती ती उपयोगाची आहे.

अडचण दुसऱ्या बाजूला आहे. ऑक्सिजनचा एक रेणू करायला पाण्याचे दोन रेणू जवळ यावे लागतात, चार होल खर्ची पडावे लागतात आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन असा नवा बंध जुळावा लागतो. ही क्रिया सुस्त आहे. ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ती मिलिसेकंदांपासून सेकंदांपर्यंत चालते, तर इलेक्ट्रॉन आणि होल परत एकमेकांना भेटून नाहीसे होण्याची सुरुवात पिकोसेकंदांतच होते. आपली सगळी धडपड या दोन वेळांमधल्या दरीशी आहे. पदार्थ कुठलाही घ्या, प्रश्न हाच राहतो: होल पृष्ठभागावर तग धरून बसेल का, आणि त्याचे तीन सोबती येईपर्यंत वाट बघेल का?

आता तुमच्या २० नॅनोमीटरच्या कणावर या. एक ढोबळ हिशोब करून बघा. टायटॅनियाचा ॲनाटेस प्रकार ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढचा, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. भर उन्हात तसे फोटॉन दर चौरस नॅनोमीटरवर सेकंदाला सत्तरएक पडतात. २० नॅनोमीटरच्या कणावर एकूण वीस हजारांच्या आसपास. पण कण इतका पातळ की त्यातले फार तर एकदोन टक्के शोषले जातात, बाकीचे आरपार जातात. म्हणजे सेकंदाला काहीशे, दोन-तीन मिलिसेकंदाला एक. आता कण ५ नॅनोमीटरचा करा. शोषण आकारमानावर चालतं आणि व्यास चौपटीने कमी झाला की आकारमान चौसष्टपटीने कमी होतं. सेकंदाला काहीशे होते, त्याचे पाच-सहा झाले. एका ऑक्सिजनला चार होल हवेत. पहिला होल दुसऱ्याची वाट बघत सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा बसून राहील, तोही एवढ्याशा कणात, जिथे इलेक्ट्रॉन त्याच्यापासून ५ नॅनोमीटरहून दूर जाऊच शकत नाही! ते भेटणार नाहीत तर काय करतील?

दुसरी गोष्ट, मोठ्या स्फटिकात पृष्ठभागाजवळ जे अंतर्गत विद्युतक्षेत्र तयार होतं, जे इलेक्ट्रॉनला एका बाजूला आणि होलला दुसऱ्या बाजूला ओढतं, त्याला पसरायला सहसा दहा ते शंभर नॅनोमीटरची जागा लागते. ५ नॅनोमीटरच्या कणात ते मावतच नाही. त्यात लहान कण बहुधा कमी तापमानाला केलेले असतात, म्हणून त्यांच्यात दोषही जास्त. प्रत्येक दोष म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल भेटण्याचा अड्डा. तेव्हा पृष्ठभाग वाढतो हे खरं, पण त्याबरोबर हे अड्डेही वाढतात.

मग नॅनो हवं कशाला, असं वाटेल. हवंच आहे, पण कुठे हवं ते पदार्थ ठरवतो. हेमॅटाइट, म्हणजे आपला तांबडा आयर्न ऑक्साइड, हे याचं उत्तम उदाहरण. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, त्यामुळे दृश्य प्रकाशातला चांगला हिस्सा शोषतो. कागदावर १५ टक्क्यांपर्यंत सौरऊर्जा हायड्रोजनमध्ये जाऊ शकते. स्वस्त, बिनविषारी, अल्कलीत टिकाऊ. पण त्यातला होल २ ते ४ नॅनोमीटर चालतो आणि संपतो. आणि हिरवा-पिवळा प्रकाश पुरता शोषायचा तर शंभर नॅनोमीटरहून जाड थर लागतो. पातळ थर केला तर प्रकाश वाया जातो, जाड केला तर होल वाटेतच मरतात. इथे नॅनोरचना खरोखर कामाला येते: उभ्या काड्या किंवा फुलकोबीसारखे झुपके करायचे, म्हणजे प्रकाशाला लांब वाट मिळते आणि होलला आडवं जाऊन पाण्यापर्यंत पोहोचायला दोन पावलं पुरतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या मायकेल ग्रेट्झेल यांच्या गटाने सिलिकॉन मिसळलेला फुलकोबी रचनेचा हेमॅटाइट २००६ मध्ये दाखवला, तेव्हा या पदार्थाकडे बघण्याची दृष्टी बदलली. तरीही हेमॅटाइट इलेक्ट्रोड आपल्या कागदावरच्या मर्यादेपासून अजून दूरच आहेत, कारण होल पृष्ठभागावर पोहोचले तरी तिथली क्रिया सुस्तच राहते आणि बाहेरून व्होल्टेजची मदत द्यावीच लागते.

म्हणजे "कण किती लहान?" या प्रश्नाला अर्थ येतो तो "होल किती दूर चालतो?" हे माहीत असेल तरच. टायटॅनियात होल हेमॅटाइटपेक्षा बराच लांब जातो, तिथे ५ नॅनोमीटरचा हट्ट धरून काहीच साधत नाही.

तुमच्या नुसत्या पाण्याच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट घडत असणार. प्लॅटिनम हायड्रोजन बनवण्यात तरबेज आहे, आणि हायड्रोजन-ऑक्सिजनला परत जोडून पाणी करण्यातही तितकंच तरबेज आहे. बंद भांड्यात दोन्ही वायू जमू लागले की प्लॅटिनम ते पुन्हा जोडायला लागतं. तुमचा आलेख आडवा होतो त्याचं एक कारण बहुधा हेच. मिथेनॉल असताना ऑक्सिजन तयारच होत नव्हता, म्हणून ही उलटी क्रिया दिसली नाही. दुसरं कारण, टायटॅनियावर ऑक्सिजन वायुरूपात सुटण्याऐवजी पेरॉक्साइडसारख्या रूपात पृष्ठभागाला चिकटून बसतो. सायामा आणि अराकावा या जपानी संशोधकांनी दाखवलं होतं की प्लॅटिनम-टायटॅनियाच्या पाण्यात भरपूर सोडियम कार्बोनेट टाकलं तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन २ः१ प्रमाणात सुटायला लागतात. तुमच्याकडे सोडियम कार्बोनेट असेलच. कण बदलण्याआधी ते करून बघा.

प्लॅटिनमच्या या दुटप्पी वागण्यावर सगळ्यात सुंदर तोडगा काझुनारी दोमेन यांच्या टोकियोतल्या गटाने काढला. ऱ्होडियमच्या कणावर क्रोमियम ऑक्साइडचं सुमारे २ नॅनोमीटर जाडीचं कवच चढवायचं. या कवचातून प्रोटॉन आत जातो, हायड्रोजन बाहेर येतो, पण ऑक्सिजनला आत शिरता येत नाही. उलटी क्रिया तिथेच बंद पडते. नॅनोमीटरभर जाडीची खरी करामत पाहायची असेल तर ती इथे आहे, शोषक कणाच्या आकारात नाही.

त्याच गटाचं २०२० मधलं काम तुम्ही ओळ न् ओळ वाचा असं मी आग्रहाने सांगेन. स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये थोडं ॲल्युमिनियम मिसळलेलं. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे पडलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी आला, आणि तेही पाण्याचं पुरतं विघटन, मिथेनॉल नाही, बाहेरचं व्होल्टेज नाही. ते कण ५ नॅनोमीटरचे नव्हते. काहीशे नॅनोमीटरचे, कडा कापल्यासारखे नेटके घन स्फटिक होते. वितळलेल्या स्ट्रॉन्शियम क्लोराइडमध्ये हजार अंशांच्या वर तापवून वाढवलेले, म्हणून दोष कमी. जे थोडे दोष उरतात त्यांचा बंदोबस्त ॲल्युमिनियम करतं. (ॲल्युमिनियमची भूमिका समजली त्यात ॲल्युमिनाच्या मुशीचा मोठा वाटा होता. तापवताना मुशीच्या भिंतीतूनच ते पावडरीत शिरत होतं. आपण पदार्थ कशात तापवतो हे वहीत लिहायला कधी विसरू नका.) अशा स्फटिकात इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या पैलूंकडे जातात, होल दुसऱ्या प्रकारच्या. मग दिवा लावूनच ऱ्होडियम, क्रोमियम आणि कोबाल्ट एकामागून एक चढवले. इलेक्ट्रॉन जिथे येतात तिथे ऱ्होडियम आणि त्यावर क्रोमियमचं कवच बसलं, होल जिथे येतात तिथे कोबाल्टचा ऑक्सिहायड्रॉक्साइड. प्रत्येक सहउत्प्रेरक, म्हणजे शोषकावर चढवलेला मदतनीस उत्प्रेरक, आपली जागा आपणच शोधतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

आता मोजणीबद्दल, कारण माझ्या मते तुमचा पुढचा महिना तिथेच जायला हवा.

एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन हे पॉलिमर वापरून फार देखणे नॅनोकण केले होते. धुतले, वाळवले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे. मिथेनॉल न घालता नुसत्या पाण्यात टाकले आणि हायड्रोजन आला. पहिले सहा तास आलेख सरळ चढत गेला. सगळे खूश होते. गॅस क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हायड्रोजनचा उंच टोकदार पीक, त्यानंतर ऑक्सिजनच्या जागी एक बुटका उंचवटा, आणि लगेच नायट्रोजनचा त्याहून मोठा. मी ते दोन्ही पीक कागदावर मांडले. हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या ३.७ पट असतो. नायट्रोजनच्या पीकवरून आत शिरलेल्या हवेचा ऑक्सिजन काढला आणि तो एकूण ऑक्सिजनमधून वजा केला. हातात शून्य उरलं. दिसत होता तो सगळा ऑक्सिजन रबरी सेप्टममधून, म्हणजे भांड्याच्या बुचातून, आलेला होता. दर तासाला सुई टोचून टोचून त्याची चाळण झाली होती.

मग हायड्रोजन कुठून आला? दहाव्या तासानंतर तो थांबला, तेव्हा हिशोब लागला. १०० मिलिग्रॅम पावडरीत वजनाने ५ टक्के पॉलिमर जरी चिकटून राहिलं तरी ते ५ मिलिग्रॅम होतं. त्याचं पूर्ण ऑक्सिडेशन झालं तर ६०० मायक्रोमोलहून जास्त हायड्रोजन मिळू शकतो. आम्हाला मिळाला होता त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आमचं पॉलिमर हेच आमचं मिथेनॉल होतं. त्या पावडरी ४०० अंशांना हवेत भाजून परत प्रयोग केला, हायड्रोजन गायब. चार महिन्यांचं काम एका दुपारी संपलं. त्या दुपारी मी जे शिकले, ते त्याआधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते.

म्हणून माझ्याकडे आलेल्या कुणालाही मी पहिलं विचारते, ऑक्सिजन किती आला? हायड्रोजन कशापासूनही निघू शकतो: अल्कोहोल, उरलेला पॉलिमर, सल्फाइड, पदार्थाचं स्वतःचं गंजणं. ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्मा, दर तासाला निम्मा, हवेचा वाटा वजा करून निम्मा येत असेल, तरच पाणी फुटतंय.

हे नीट मोजायचं तर क्रोमॅटोग्राफमधून नमुना वाहून नेणारा वायू आर्गॉन ठेवा. हीलियम वापरलात तर हायड्रोजनची संवेदनशीलता पार जाते. दिवा न लावता तीन-चार तास तसंच सगळं चालू ठेवा आणि नायट्रोजन किती चढतो बघा, ती तुमच्या उपकरणाची गळती. पावडर न घालता दिवा लावून बघा. एकदा चाललेला प्रयोग थांबवा, भांडं पोकळी करून रिकामं करा आणि तीच पावडर, तेच पाणी ठेवून पुन्हा लावा. असे निदान तीन-चार फेरे व्हावेत आणि दर फेरीत वेग तोच राहावा. एकूण मिळालेला हायड्रोजन पावडरीच्या मोलपेक्षा जास्त व्हायला हवा, हेही बघा. १०० मिलिग्रॅम टायटॅनिया म्हणजे १.२५ मिलिमोल. तुम्हाला एकूण ४० मायक्रोमोल मिळाले असतील तर ते उत्प्रेरणातून आले, असं म्हणायला आधार नाही. शक्य असेल तर ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी घेऊन वस्तुमान वर्णपटमापीवर ३६ चा पीक (ऑक्सिजन-१८ च्या दोन अणूंचा रेणू) शोधा. त्यात वाद घालायला जागा उरत नाही.

आणि पूर्वार्ध-उत्तरार्ध वेगवेगळे तपासा. मिथेनॉलने इलेक्ट्रॉनची बाजू तपासलीत, तशी सिल्व्हर नायट्रेट घालून होलची बाजू तपासा. चांदीचे आयन इलेक्ट्रॉन पकडतात, मग होलना पाण्याकडे जाण्याशिवाय गत्यंतर नसतं. तिथेही ऑक्सिजन आला नाही तर दोष कुठे आहे ते कळलं. मात्र पहिल्या तासाचाच वेग धरा. नंतर पावडर चांदीने काळवंडते आणि प्रकाश आत पोहोचत नाही.

आकडे कसे सांगायचे यावरही बोलावंसं वाटतं, कारण यात फार गोंधळ आहे. समजा ४ चौरस सेंटिमीटरवर सूर्याइतका प्रकाश पडतोय आणि तासाला १० मायक्रोमोल हायड्रोजन मिळतोय. पावडर ५ मिलिग्रॅम असेल तर हेच "ग्रॅममागे तासाला २००० मायक्रोमोल" असं लिहिता येतं, आणि ते ऐकायला भव्य वाटतं. सौरऊर्जेतून हायड्रोजन ही कार्यक्षमता काढली तर येते ०.१६ टक्के. दोन्ही आकडे एकाच प्रयोगाचे. ग्रॅमचा हिशोब फसवा अशासाठी की पावडर दुप्पट केली म्हणून वायू दुप्पट होत नाही. सगळा प्रकाश शोषला गेला की पुढची पावडर अंधारात असते. झेनॉन दिव्याखाली मोजलेल्या वेगाची तर आणखीच अडचण, त्यात अतिनील प्रकाश उन्हापेक्षा वेगळ्या प्रमाणात असतो. तरंगलांबीनुसार क्वांटम कार्यक्षमता सांगा आणि सूर्यसदृश दिव्याखालची एकूण कार्यक्षमता सांगा. यापलीकडे तिसरा आकडा मी शोधत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कुठला पदार्थ घ्यावा. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर पाणी फोडून दाखवलं तेव्हापासून शेकडो पदार्थ तपासले गेले, आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टींची ओढाताण दिसते: प्रकाश किती शोषतो, वर गेलेल्या इलेक्ट्रॉनची आणि मागे राहिलेल्या होलची ऊर्जा (म्हणजे बँडच्या कडा) पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही करायला पुरते का, आणि पदार्थ टिकतो का. टायटॅनिया आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट टिकतात, कडाही बरोबर, पण अतिनील प्रकाश म्हणजे सौरऊर्जेचा चार-पाच टक्के भाग. प्रत्येक फोटॉन कामी आला तरी ॲनाटेसची मर्यादा १.३ टक्क्यांच्या आसपास. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषतो, बँडच्या कडा अगदी हव्या तिथे, पण त्यातला होल पाण्याआधी स्वतःच्याच गंधकाला गाठतो. पाण्यात कॅडमियम सुटू लागतं. सल्फाइड-सल्फाइटच्या द्रावणात तो ठणठणीत दिसतो कारण तिथे होल खायला दुसरं कुणीतरी असतं. बिस्मथ व्हॅनाडेट २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ऑक्सिजनच्या बाजूला उत्तम, पण त्याच्या इलेक्ट्रॉनला हायड्रोजन करण्याइतकी उंची नाही. म्हणून त्याला दुसऱ्या शोषकाची जोड द्यावी लागते, झाडाच्या पानात दोन प्रकाशप्रणाली असतात तशी. स्ट्रॉन्शियम टायटनेट आणि बिस्मथ व्हॅनाडेटचे कण सोन्याच्या थराने जोडून केलेल्या पत्र्यांनी २०१६ मध्ये १.१ टक्का गाठला होता, पावडरीच्या पद्धतीसाठी तेव्हा तो फार मोठा टप्पा होता. तुमच्या जागी मी असते तर या जोडीच्या रस्त्याने गेले असते.

सिलिकॉन आणि गॅलियम आर्सेनाइडसारखे शोषक प्रकाशाच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहेत आणि पाण्यात सगळ्यांत आधी मरतात. १९९८ मध्ये खासेलेव्ह आणि टर्नर यांनी गॅलियम इंडियम फॉस्फाइड आणि गॅलियम आर्सेनाइडच्या जोडशोषकाने १२.४ टक्के मिळवले, पण त्याचं आयुष्य तासांतच मोजता येत होतं. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या गटाने अशा शोषकांवर टायटॅनियाचा, अणूंचे थर एकावर एक रचून केलेला लेप चढवला आणि वर निकेलचे ठिपके ठेवले. आयुष्य शंभर तासांच्या पुढे गेलं. टायटॅनिया या गोष्टीत शोषक म्हणून नाही, कातडी म्हणून आला. मला हे नेहमी सांगावंसं वाटतं, कारण पदार्थाची भूमिका बदलली की त्याचा कमकुवतपणा निरुपद्रवी होतो.

प्रत्यक्षात आपण कुठे आहोत, हेही माहीत असलेलं बरं. दोमेन यांच्या गटाने २०२१ मध्ये १०० चौरस मीटरच्या पॅनेलचं काम प्रसिद्ध केलं. उघड्यावर, खऱ्या उन्हात, कित्येक महिने चाललं. जास्तीत जास्त कार्यक्षमता ०.७६ टक्के. आकडा लहान आहे, पण माझ्या लेखी ते काम अतिशय मोलाचं आहे, कारण हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं ओलं मिश्रण नळ्यांतून नेऊन पडद्याने हायड्रोजन वेगळा करणं सुरक्षितपणे जमतं, हे त्यांनी दाखवलं. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो, आणि इथे तर २ः१ मिश्रण, सगळ्यात धोक्याचं. तुमच्या काचेच्या भांड्यातही तेच असतं, म्हणून वायूची जागा लहान ठेवा आणि संरक्षक पडद्याआड काम करा. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठात इंडियम गॅलियम नायट्राइडच्या नॅनोतारांवर, एकवटलेल्या प्रकाशात आणि ७० अंशांच्या आसपास, ९.२ टक्के मिळाले, आणि उघड्यावर खऱ्या उन्हात ६.२.

१० टक्क्यांचा अर्थ काय, हेही एकदा मांडून बघा. १ चौरस मीटरवर दिवसभरात ५ किलोवॉट-तास ऊन पडलं असं धरा. त्याचे १० टक्के म्हणजे अर्धा किलोवॉट-तास, त्यातून साधारण १५ ग्रॅम हायड्रोजन. खोलीच्या तापमानाला १८० लिटरच्या आसपास वायू, आणि त्यासाठी पाणी लागतं अवघं १३५ ग्रॅम. पाण्याची चणचण हा यातला अडथळा नव्हे. अडथळा क्षेत्रफळाचा आहे, आणि इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरलेला पदार्थ वर्षानुवर्षं टिकण्याचा. त्यातच सौरपॅनेलला विजेने पाणी फोडणारा इलेक्ट्रोलायझर जोडला की कार्यक्षमता याच्या कितीतरी पुढे जाते. २०१६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये एकवटलेल्या प्रकाशात तशा जोडणीने ४८ तास ३० टक्के मिळवले. पावडरीचा रस्ता त्याच्याशी बरोबरी करेल तो साधेपणाच्या जोरावर: पत्र्यावर लेपलेला थर, वर पाणी, वर काच, बस्स. म्हणून टिकाव हा पावडरीच्या संशोधनात शेवटी तपासायचा मुद्दा नाही. पहिल्या आठवड्यापासून वहीत त्याचा रकाना असू द्या.

तुम्ही आता काय कराल ते सांगते. ५ नॅनोमीटरचं संश्लेषण बाजूला ठेवा. आहे त्याच २० नॅनोमीटरच्या टायटॅनियावर, नवा सेप्टम बसवून, आधी अंधारातला गळतीचा फेरा करा. मग सिल्व्हर नायट्रेटचा, मग नुसत्या पाण्याचा, मग सोडियम कार्बोनेटचा. त्याच वेळी शेजारी ॲल्युमिनियमयुक्त स्ट्रॉन्शियम टायटनेट करायला घ्या. साधं स्ट्रॉन्शियम टायटनेट, स्ट्रॉन्शियम क्लोराइड, ॲल्युमिनाची मूस आणि ११५० अंशांची भट्टी एवढंच लागतं, आणि पाण्याने धुऊन वर सांगितलेले सहउत्प्रेरक चढवले की पावडर तयार. ही पावडर तुमची संदर्भपट्टी. तिच्यावर २ः१ आलं तर तुमचं उपकरण, दिवा आणि हात बरोबर आहेत, आणि मग इतर कुठल्याही नव्या पदार्थाबद्दल तुम्ही जे म्हणाल त्यावर विश्वास ठेवता येईल. तिच्यावर नाही आलं तर आधी उपकरण दुरुस्त करायचं. चारही फेऱ्यांचे हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन असे तिन्ही आकडे पाठवा, वजाबाकी न करता, जसे पडद्यावर दिसले तसे. आपण सोबत बसून मांडू.